विद्यापीठाचा संकल्प आणि प्रकल्प

२०१७ सालच्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने एक मोठा निर्णय अमलात आणला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षकांपुढे न ठेवता त्यांच्या प्रत्येक पानाची प्रतिमा घ्यावयाची, ती परीक्षकाला संगणकाच्या पडद्यावर दाखवावयाची आणि गुणही तेथेच नोंदवून घ्यावयाचे, असा तो निर्णय होता. हेतू स्तुत्य होता. बेरजेच्या चुका टळाव्यात, गठ्ठ्यांची ने-आण थांबावी, गुणांत फेरफार करण्यास वाव राहू नये आणि निकाल वेळेवर लागावेत, ही अपेक्षा कोणालाही मान्य होण्यासारखी होती. पद्धतही अगदी नवखी नव्हती. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाने ती आधीच अंगीकारली होती. परंतु मुंबईत ती सर्व विद्याशाखांना, ४७७ परीक्षांना आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांना एकाच हंगामात लागू झाली; आणि ज्या कंपनीने हे काम पार पाडावयाचे, तिची नेमणूक परीक्षांचा हंगाम सुरू झाल्यानंतर करण्यात आली.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांची मर्यादा ओलांडू नये, असे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात म्हटले आहे. जून गेला, जुलै सरत आला. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. काही दिवस महाविद्यालयांतील अध्यापन थांबवून प्राध्यापकांना संगणकापुढे बसवावे लागले. इतर विद्यापीठांतील परीक्षकांना साद घालावी लागली. अखेरचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. या सर्व काळात पदव्युत्तर प्रवेशाच्या, नोकरीच्या किंवा परदेशी शिक्षणाच्या उंबरठ्यावर उभा असलेला विद्यार्थी रिकाम्या हातांनी वाट पाहत होता. त्याने उत्तरपत्रिका वेळेवर लिहून दिली होती. उशीर झाला तो त्याच्याकडून नव्हे.

येथे चुकले ते काय? निर्णयच चुकीचा होता असे म्हणता येत नाही. कष्टांत कसूर झाली असेही म्हणता येत नाही, कारण शेकडो प्राध्यापक आणि कर्मचारी त्या दिवसांत रात्रीचा दिवस करीत होते. उणीव होती ती निर्णय आणि कष्ट या दोहोंमधल्या दुव्याची. त्या दुव्याला प्रकल्प-व्यवस्थापन असे नाव आहे.

विद्यापीठाच्या कारभारात दोन प्रकारची कामे असतात. प्रवेश, वर्ग, परीक्षा, पदवीदान ही दरवर्षी येणारी कामे ऋतुचक्रासारखी आहेत. ती कशी करावयाची हे कचेरीला सरावाने ठाऊक असते. दुसरी कामे एकदाच करावयाची असतात : नवे ग्रंथालय उभारणे, अभ्यासक्रमाची रचना बदलणे, परीक्षापद्धती पालटणे. अशा कामाला आरंभ असतो आणि शेवटही असतो. ते पूर्वी केलेले नसते. आणि ते करण्यासाठी निरनिराळ्या खात्यांतील माणसांना काही काळ एकत्र यावे लागते. यालाच प्रकल्प म्हणावयाचे. घरातील लग्नकार्य हा आपल्या परिचयाचा प्रकल्पच होय. मुहूर्त ठरलेला असतो, म्हणून आचारी, मांडव, आमंत्रणे, आहेर यांचा क्रम मुहूर्तापासून मागे मोजीत लावावा लागतो. आणि कितीही वडीलधारी माणसे असली तरी 'हे अमक्याला विचारा' असे ज्याच्याविषयी सर्वांनी सांगावे, असा एक कर्ता माणूस त्या कार्यात असावाच लागतो.

विद्यापीठाने पुढील दहा-पंधरा वर्षांत कोठे पोचावयाचे, कोणत्या विद्यांवर भर द्यावयाचा, कोणत्या विद्यार्थ्यांपर्यंत जावयाचे आणि काय सोडून द्यावयाचे, हे ठरविणे म्हणजे धोरणात्मक व्यवस्थापन. हा विद्यापीठाचा संकल्प झाला. महाराष्ट्रात २०१६ च्या अधिनियमाने प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करणे आवश्यक ठरविले आहे; २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर साऱ्या देशातील विद्यापीठांपुढे दूरच्या पल्ल्याची उद्दिष्टे ठेवली आहेत. संकल्पांची उणीव आपल्याकडे सहसा नसते. परंतु संकल्प हा वाक्यांत लिहिला जातो आणि प्रकल्प दिवस, माणसे व रुपये यांत. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करीत असताना जे उघडकीस येते, तेच बहुधा सर्वांत महत्त्वाचे असते.

हे रूपांतर करण्याची साधने कारखानदारीत आणि संरक्षणखात्यात घडली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने कामांचे आडवे पट्टे कालरेषेवर मांडण्याची रीत लोकप्रिय केली. कोणते काम केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते, हे त्या तक्त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळे. १९५७ साली ड्युपाँट या रासायनिक कंपनीने रेमिंग्टन रँड कंपनीच्या संगणकतज्ज्ञांच्या साहाय्याने आणखी एक पाऊल टाकले. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे याचे जाळे मांडले, तर त्यातील सर्वांत लांब साखळी ओळखता येते, आणि संपूर्ण कार्याला लागणारा वेळ त्या साखळीवरच ठरतो, असे त्या पद्धतीचे सूत्र होते. तिला निर्णायक मार्गाची पद्धत म्हणता येईल. पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तिच्याशी मिळतीजुळती पद्धत वापरली.

या सूत्राचा विद्यापीठाशी काय संबंध, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. तो १७ लाख उत्तरपत्रिकांच्या उदाहरणावरूनच पडताळून पाहता येईल. खालील दैनिक आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. परंतु अशा प्रकारचा हिशेब पाटीवरही करता येतो. एका उत्तरपत्रिकेची ३० पाने धरली, तर १७ लाखांची ५ कोटी १० लाख पाने होतात. ती सारी यंत्राखालून जावयाची. दिवसाला ४० हजार उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा घेता येतात असे धरले, तर एवढ्याच कामाला ४२ दिवसांहून अधिक काळ लागतो. उलट, ५ हजार परीक्षक रोज प्रत्येकी २५ उत्तरपत्रिका तपासतील असे मानले, तर तपासणी १४ दिवसांत आटोपते. मग निर्णायक मार्ग कोणता? परीक्षकांचा नव्हे, यंत्रांचा. अशा स्थितीत परीक्षकांना कितीही घाई केली, त्यांची संख्या दुप्पट केली, तरी निकाल एक दिवसही अलीकडे येणार नाही. कारण तपासावयाची उत्तरपत्रिका पडद्यावर आलेलीच नसेल. यंत्रे मात्र दुप्पट केली तर तीन आठवडे वाचतील.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून निष्पन्न होते. प्रतिमा घेण्यापूर्वी उत्तरपत्रिकेवर तिची ओळख पटविणारी खूण हवी, आणि ती खूण परीक्षेपूर्वीच छापलेली हवी. परीक्षकाला पडद्यावर तपासण्याचा सराव हवा, आणि तो सुट्टी लागण्यापूर्वी व्हावयास हवा. यंत्रे कोणाची, हे ठरल्याखेरीज यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणजे निकालाच्या तारखेपासून मागे मोजीत आले, तर कंपनीच्या नेमणुकीची तारीख परीक्षेच्या कितीतरी महिने आधी जाऊन पडते. ती तारीख हुकलेली असताना निर्णय रेटणे म्हणजे वरातीमागून घोडे. उलट, हा हिशेब वेळीच झाला असता, तर त्याने विद्यापीठाला दोनच वाटा दाखविल्या असत्या : या वर्षी एकाच विद्याशाखेत प्रयोग करावा, किंवा सर्वत्र करावयाचे तर पुढच्या वर्षी करावे. दोन्ही वाटांनी मूळ उद्दिष्ट शाबूत राहिले असते.

प्रकल्प-व्यवस्थापनाने धोरणाला बळकटी येते ती या अर्थाने. प्रकल्प हा धोरणाचा केवळ हुकूमबरदार नव्हे; तो धोरणाचा परीक्षकही आहे. ठरविलेले कसे करावे हे तो सांगतो, तसेच ठरविलेले या मुदतीत, या माणसांनी, या पैशांत होणार नाही, हेही तो वेळेवर सांगतो. असा नकार ऐकून घेण्याची तयारी ज्या विद्यापीठात असते, तेथील संकल्प नेमस्त होतात आणि म्हणूनच सिद्धीस जातात.

संकल्प आणि प्रकल्प यांची सांगड चांगली जमली, तर काय होऊ शकते याचे उदाहरण कानपूरला आहे, आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत प्राध्यापक व पुढे प्राचार्य होते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या उभारणीत नियोजन अधिकारी म्हणून त्यांनी काम केले आणि १९५९ च्या अखेरीस कानपूरच्या नव्या संस्थेचे ते पहिले संचालक झाले. संस्थेला त्या वेळी स्वतःचे छप्पर नव्हते. हारकोर्ट बटलर तांत्रिक संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीतील एका खोलीत तिचा कारभार सुरू झाला आणि १९६० साली १०० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली.

केळकरांचा संकल्प स्पष्ट होता. केवळ यंत्रे चालविणारे नव्हेत, तर विज्ञानाच्या पायावर विचार करणारे आणि समाजशास्त्र व मानव्यविद्यांशी परिचय असणारे अभियंते तेथे घडावयाचे होते. या संकल्पाचे त्यांनी तुकडे पाडले. अभ्यासक्रम, अध्यापकांची निवड, प्रयोगशाळा, ग्रंथालय, इमारती असे ते निरनिराळे होते. पण एकमेकांना धरून होते. १९६२ मध्ये अमेरिकेतील नऊ विद्यापीठे व संस्था यांच्या संघाशी सहकार्य सुरू झाले आणि त्याला दहा वर्षांची मर्यादा होती. १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक कानपूरला आला. तो आला आणि कुलुपात राहिला असे झाले नाही. कारण त्याच्यावर शिकविणारी माणसे आणि शिकवावयाचा अभ्यासक्रम यांची व्यवस्था त्याच्याबरोबरच झाली होती. कोकणात जन्मलेले वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांनी आखलेल्या विद्यापरिसरात ग्रंथालयाला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि विभाग एकमेकांना छायामार्गांनी जोडले गेले. निरनिराळ्या विद्यांनी एकमेकींना भेटावे हा शैक्षणिक विचार विटा-सिमेंटमध्येही उतरला. १९६५ मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. १९७२ मध्ये ठरल्याप्रमाणे अमेरिकन साहाय्य संपले. संस्था मात्र स्वतःच्या पायांवर उभी राहिली. प्रकल्पाची खरी कसोटी हीच : तो संपावा आणि त्याने निर्माण केलेली व्यवस्था मागे उरावी.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. कानपूरची संस्था नवी होती. तिला मोकळी जमीन, मोकळा हात आणि परदेशी साहाय्य लाभले होते. शेकडो महाविद्यालये संलग्न असलेल्या जुन्या विद्यापीठाची गोष्ट वेगळी. तेथे अधिसभा आहे, विद्या परिषद आहे, व्यवस्थापन परिषद आहे, अभ्यासमंडळे आहेत. प्रत्येक निर्णयाला अनेकांची संमती लागते. हे खरे आहे, आणि ते तसेच असावयास हवे. विद्यापीठ हा कारखाना नव्हे. तेथे विचार अनेकांनी मिळूनच करावयाचा असतो. परंतु निर्णय अनेकांचा असला, तरी कार्यवाही एकाची असावी लागते. जे सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे, हा अनुभव घरोघरी येतो. समितीने दिशा द्यावी, पैसा मंजूर करावा, तीन महिन्यांनी हिशेब मागावा. पण आज सकाळी यंत्र बंद पडले तर कोणाला उठवावयाचे, याचे उत्तर एका नावातच असले पाहिजे. त्या व्यक्तीला जबाबदारीइतकाच अधिकारही हवा. अध्यापन सांभाळून फावल्या वेळी प्रकल्प पाहणारा प्राध्यापक आणि ज्याच्या शब्दाला लेखाविभागात किंमत नाही असा समन्वयक, या दोघांच्या हातून मोठे काम होण्याची आशा धरणे योग्य नव्हे.

जुन्या विद्यापीठांपुढील अडचण किती खरी आहे, हे दिल्ली विद्यापीठाच्या उदाहरणावरून दिसते. तेथे २०१३ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, तो मागे घ्यावा लागला. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मधल्यामध्ये सापडले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२२ मध्ये चार वर्षांची रचना तेथे पुन्हा आली आणि तिचे चौथे वर्ष २०२५ मध्ये सुरू झाले. या दोन तारखांमधील अंतरात एक धडा आहे. २०२२ मध्ये पहिला विद्यार्थी दाखल झाला, त्याच दिवशी तीन वर्षांनी चौथा वर्ग भरणार हे निश्चित झाले. त्या वर्गाला खोल्या लागणार, प्रयोगशाळा लागणार, संशोधनाला मार्गदर्शन करणारे अध्यापक लागणार. खोली बांधावयास काळ लागतो. अध्यापकाची जागा मंजूर होऊन ती भरली जाण्यासही लागतो. जी विद्यापीठे आज हाच मार्ग धरीत आहेत, त्यांनी चौथ्या वर्षाच्या पहिल्या तासापासून मागे मोजीत यावे. अशा रीतीने मोजले, म्हणजे पदभरतीची जाहिरात या वर्षी द्यावयाची की पुढच्या, हा मतभेदाचा विषय उरत नाही. तो वजाबाकीचा विषय होतो.

मागे मोजण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते निवडणे. एकाच वर्षी नवा अभ्यासक्रम, नवी परीक्षापद्धती, नवी प्रवेशप्रणाली आणि नवे संकुल हाती घेणारे विद्यापीठ बहुधा तीच मोजकी माणसे चारही ठिकाणी नेमते. कुलसचिव एक, परीक्षाविभाग एक, संगणकविभाग एक. कागदावर चार प्रकल्प स्वतंत्र दिसतात. प्रत्यक्षात ते एकाच दारातून आत शिरू पाहत असतात. म्हणून हाती असलेल्या सर्व प्रकल्पांची एकच यादी कुलगुरूंच्या समोर असावी, त्यात नवा प्रकल्प घालताना कोणता थांबवावयाचा हेही त्याच बैठकीत ठरावे. 'काय करावे' याच्या जोडीने 'सध्या काय करू नये' हे लिहून ठेवणारा आराखडाच धोरण या नावाला पात्र होतो.

मात्र या साधनांची मर्यादाही ओळखली पाहिजे. विद्यापीठाचे जे खरे कार्य, म्हणजे अध्यापन आणि संशोधन, ते तक्त्यावरील पट्ट्यांत मावत नाही. विद्यार्थ्याला एखादा विचार केव्हा उमगेल, प्रयोगातून नवे सत्य केव्हा हाती येईल, याची तारीख कोणी देऊ शकत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली. ती पूर्ण झाली १९६६ मध्ये. एखाद्या उतावीळ अधीक्षकाने ४७ वर्षांचा हा विलंब पाहून कपाळाला हात लावला असता. पण ते कार्य विस्कळीत मुळीच नव्हते. एकेका पर्वाची वाटणी झाली होती, पाठभेद कसे नोंदवावयाचे याची पद्धत ठरली होती, संपादक नेमले होते. प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ मध्ये निवर्तले. तरीही काम थांबले नाही, कारण ते एका माणसाच्या स्मरणात नव्हे, तर ठरलेल्या पद्धतीत साठविलेले होते. विद्येच्या कार्याला घाई मानवत नाही. पण रचना मानवते, हे त्या १९ खंडांवरून दिसून येते. प्रकल्प-व्यवस्थापनाने विद्वानाला घड्याळ दाखवावयाचे नसून, त्याला हवे असलेले हस्तलिखित, उपकरण किंवा साहाय्यक वेळेवर पुरवावयाचा असतो.

विद्यापीठाचा आराखडा छापून होतो, त्याचे प्रकाशन होते, तो कपाटात जातो. विद्यार्थी तो वाचीत नाही. विद्यार्थ्याला त्यातील एकच पान दिसते, आणि ते म्हणजे ठरल्या दिवशी हाती आलेली, अचूक गुणांची गुणपत्रिका. किंवा नव्या विषयाच्या पहिल्या तासाला वर्गात उभा असलेला अध्यापक. तीन वर्षे अभ्यास करून परीक्षागृहातून बाहेर पडणारा तरुण आपले काम मुदतीत करून गेलेला असतो. त्यानंतरचे दिवस विद्यापीठाचे असतात आणि ते आधीच मोजून ठेवलेले असावेत, एवढीच त्याची रास्त अपेक्षा असते.